गावच्या घरातील प्रिंटरवर बाहेरगावाहून प्रिंट काढण्याची व्यवस्था कशी करावी?

घाटंजीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आईबाबा यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका खेड्यात राहतात आणि मी नोकरीसाठी नागपुरात असतो. शेतीची व घरची जवळपास सर्व कागदपत्रे आता माझ्याकडेच येतात, कारण प्रत्येक ठिकाणी नोंदवलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल माझा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून मी नागपुरात बसून काढू शकतो; पीक विम्याची पावती, बँकेचे विवरण आणि आईच्या तपासण्यांचे अहवालही मलाच येतात. कागद मात्र गावात लागतो. सेवा सहकारी सोसायटीत, बँकेत किंवा तहसीलमध्ये बाबांना छापील प्रत घेऊनच जावे लागते आणि ती प्रत काढण्यासाठी आधी एसटीने तालुक्याला जाऊन झेरॉक्सच्या दुकानासमोर थांबावे लागते. त्या दुकानदाराच्या मोबाइलवर आईबाबांचे आधार कार्ड आणि पासबुक पाठवणे मला मुळीच बरे वाटत नाही.

घरी फायबरचे कनेक्शन आणि राउटर आहे. कॅनन एलबीपी २९०० बी हा जुना लेझर प्रिंटर आहे. तो चांगला चालतो, पण त्याला फक्त यूएसबीची वायर लागते, वाय-फाय नाही. विंडोज ७ असलेला एक जुना लॅपटॉपही आहे. गरज वाटल्यास वाय-फाय असलेला शाईच्या टाकीचा प्रिंटर घेण्याची तयारी आहे. मी नागपुरातून प्रिंट द्यावी आणि बाबांनी घरी केवळ कागद उचलावा, एवढीच अपेक्षा आहे. शोधल्यावर काही लेखांत गुगल क्लाउड प्रिंट वापरावे असे आढळले, तर काहींत राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांकित दार, उघडावे असे लिहिले आहे. ज्यांनी खेड्यातल्या कनेक्शनवर ही व्यवस्था प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वर्धाकाठ

घाटंजीकर भाऊ, त्या दोन्ही सल्ल्यांचा आता आपल्याला उपयोग नाही. गुगल क्लाउड प्रिंट ही इंटरनेटवरून प्रिंट पाठवण्याची सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमची बंद झाली. तिच्याविषयीचे लेख अजून सापडतात, म्हणून नवे लोक अजूनही त्यात वेळ घालवतात.

पोर्ट उघडण्याचा सल्ला त्याहून घातक आहे आणि तो का टाळावा हे मी सविस्तर सांगतो. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० आणि ६३१ या क्रमांकांच्या पोर्टवर काम स्वीकारतात. ९१०० वर प्रिंटर समोरच्याची ओळख विचारत नाही. जे येईल ते छापतो. घरातल्या घरात हे ठीक आहे, परंतु राउटरमधून हेच पोर्ट बाहेरच्या जगाला उघडले की जगातील कोणीही आपल्या घरात कागद छापू शकतो. २०१८ च्या अखेरीस अशा उघड्या प्रिंटरांवर एका यूट्यूब वाहिनीचा प्रचार करणारी पत्रके छापली गेली होती आणि तसे करणाऱ्याने सुमारे ५० हजार प्रिंटर गाठल्याचा दावा केला होता. तो प्रकार निदान कागदावर थांबला. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवरील छपाई व्यवस्थेत असे दोष उघड झाले की ६३१ पोर्ट उघडे असलेल्या संगणकावर बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर जोडून, त्यावर छपाई सुरू होताच, आपल्या आज्ञा चालवू शकत होता. ते दोष दुरुस्त झाले. पण पोर्ट बाहेर उघडेच नसते तर इंटरनेटवरून येणाऱ्याला तेथवर पोचताच आले नसते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. खेड्यापाड्यांतील बहुतेक कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवते. अख्ख्या वस्तीला एकच घर क्रमांक दिल्यासारखे ते असते आणि पोस्टमनला दार सापडत नाही. आपली स्थिती तपासायची असल्यास राउटरच्या स्थिती-पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, पाहावा आणि ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधल्यावर दिसणाऱ्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनी सुरू होत असेल, तर पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत येणार नाही आणि डायनॅमिक डीएनएसचाही, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणाऱ्या सेवेचाही, उपयोग होणार नाही. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्थिर आयपी काही ठिकाणी मिळतो. मात्र प्रिंटसाठी तो घेणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून विचाराची दिशाच बदलावी. बाहेरच्याने घरात शिरून प्रिंटर गाठण्याऐवजी घरातील यंत्राने स्वतः बाहेर जोडणी करून काम घेऊन यावे. घरातून बाहेर जाणारी जोडणी घरगुती राउटर सहसा अडवत नाही आणि सामायिक पत्त्यामागूनही ती चालते. असे करण्याचे दोन विश्वासाचे मार्ग आहेत: प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीची ईमेलने प्रिंट घेण्याची सोय, किंवा घरातील एका लहान संगणकावरून बांधलेला खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन. पहिला सोपा आहे, दुसरा आपल्या ताब्यातला आहे.

संत्राबाग

मी वरुड तालुक्यातील आहे. ईमेलच्या मार्गाचा मला दीर्घ अनुभव आहे, म्हणून त्यावर लिहिते.

एचपी, एप्सन आणि ब्रदर या कंपन्यांच्या अनेक वाय-फाय प्रिंटरांना स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर पीडीएफ जोडून पाठवली की ती आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तेथे छपाईयोग्य होते आणि घरचा प्रिंटर ती तेथून उचलून छापतो. वर्धाकाठ भाऊंनी सांगितलेले तत्त्व हेच. प्रत्येक मॉडेलला ही सोय नसते. नुसते ‘वाय-फाय’ असे लिहिलेल्या प्रिंटरला ती असेलच असे समजू नये. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात ईमेलने प्रिंटचा स्पष्ट उल्लेख पाहावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ती सेवा त्या मॉडेलसाठी आजही चालू आहे का, हेही पाहावे. क्लाउड प्रिंट बंद झाल्यावर ज्यांची सारी भिस्त तिच्यावर होती त्यांची फार अडचण झाली.

सुरुवातीलाच दोन गोष्टी कराव्यात. प्रिंटरला आपोआप मिळालेला पत्ता लांब आणि विचित्र असतो. तो बदलून सोपा करण्याचा मोह टाळावा, कारण तो कोणाला सुचणार नाही हाच त्याचा पहिला बचाव आहे. दुसरे म्हणजे मान्य प्रेषकांची यादी भरून फक्त घरच्या माणसांचे पत्ते त्यात ठेवावेत. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा दाखवता येतो, म्हणून केवळ यादीवर विसंबू नये. दोन्ही मिळून पुरेसे संरक्षण होते.

आता ज्या ठिकाणी लोक हमखास अडतात ते सांगते. ई-आधारची पीडीएफ आणि बँकेचे विवरण यांना पासवर्डचे कुलूप असते. कुलूपबंद फाइल कंपनीचा सर्व्हर उघडू शकत नाही आणि प्रिंट निघत नाही. ती फाइल आपल्या फोनवर किंवा संगणकावर पासवर्ड देऊन उघडावी, छपाईच्या पर्यायातून ‘पीडीएफ म्हणून जतन करा’ निवडून नवी प्रत करावी आणि ती पाठवावी. आधारच्या बाबतीत जेथे चालते तेथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी, मास्क केलेली प्रत वापरावी.

दुसरी अडचण मराठी मजकुराची आहे. ग्रामपंचायतीचे किंवा संस्थेचे जुने अर्ज अनेकदा श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ती वर्ड फाइल तशीच पाठवली तर कंपनीच्या सर्व्हरवर तो फॉन्ट नसल्याने पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरे छापून येतात. ज्या संगणकावर अक्षरे नीट दिसतात तेथेच पीडीएफ करावी, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच सामावतो. युनिकोड मराठीसाठीही मी हीच सवय ठेवली आहे, कारण वेगळ्या फॉन्टने ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना तो छायाचित्र म्हणून न मागवता डॉक्युमेंट म्हणून मागवावा. एरवी तो दाबला जाऊन शिक्का व सही वाचता येत नाही.

घाटंजीकर

ताई, पासवर्डची गोष्ट फार उपयोगी पडेल. मला ती सुचलीच नसती. राउटरचा वॅन पत्ता पाहिला, तो १००.७० ने सुरू होतो, म्हणजे आमचेही कनेक्शन सामायिक पत्त्यामागेच आहे.

माझ्या मनात दोन शंका आहेत. ईमेलच्या मार्गाने आईचे वैद्यकीय अहवाल आणि बँकेची कागदपत्रे एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून जाणार, हे टाळता येईल का? आणि जुना लेझर प्रिंटर चालू स्थितीत असताना नवा घेणे मनाला पटत नाही. त्याचे ३०३ क्रमांकाचे टोनर तालुक्याच्या ठिकाणी सहज भरून मिळते आणि तो न वापरता पडून राहिला तरी बिघडत नाही. वर्धाकाठ भाऊ, दुसरा मार्ग जरा विस्ताराने सांगाल का?

वर्धाकाठ

दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर दुसऱ्या मार्गात आहे.

घरात एक लहान संगणक कायम चालू ठेवायचा, प्रिंटर त्याला यूएसबीने जोडायचा आणि त्यावर लिनक्स व कप्स ही मुक्त छपाई व्यवस्था बसवायची. कप्स गेली पंचवीसहून अधिक वर्षे वापरात आहे. मॅकमध्येही छपाई तीच करते. मग याच संगणकावर आणि आपल्या नागपूरच्या लॅपटॉपवर टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा बसवायची. ती वायरगार्ड या मुक्त व्हीपीएन तंत्रावर आधारलेली आहे, घरगुती वापरासाठी विनामूल्य आहे आणि दोन्ही बाजूंनी बाहेर जोडणी करून मधले सामायिक पत्ते ओलांडते. दोन्ही संगणकांना १०० ने सुरू होणारा एकेक खाजगी पत्ता मिळतो. आपण नागपुरात नवा प्रिंटर जोडताना तो पत्ता हाताने टाकायचा. त्यानंतर घाटंजी तालुक्यातला प्रिंटर आपल्याला शेजारच्या खोलीतल्यासारखा वापरता येतो. मजकूर दोन टोकांमध्ये सांकेतिक रूपात जातो. थेट जोडणी जमली नाही तर तो सेवेच्या मधल्या सर्व्हरवरून जातो, पण तेव्हाही तेथे तो वाचता येत नाही. प्रिंटर आपोआप सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण शोधाचे संदेश घरच्या नेटवर्कपुरतेच फिरतात, बोगद्यातून जात नाहीत. आयफोनवर हे विशेष जाणवते. लॅपटॉपवर आणि अँड्रॉइडवर पत्ता टाकून प्रिंटर जोडता येतो.

अशा कामासाठी बहुतेक जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सुचवतात आणि पुष्कळ प्रिंटरांसाठी तो उत्तम आहे. आपल्या प्रिंटरसाठी मात्र मी तो सुचवणार नाही. एलबीपी २९०० बी हा स्वतः पान रचत नाही. पान रचण्याचे सर्व काम संगणकातील ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या आज्ञावलीने, करायचे असते. कॅननने लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर फक्त इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी आहे, तर रास्पबेरी पायचा प्रोसेसर आर्म पद्धतीचा आहे. स्वयंसेवकांनी लिहिलेला एक मुक्त ड्रायव्हर आहे, पण तो बसवणे नवख्याला जड जाते. एचपीच्या लेझरजेट १०२० ची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्याची अंतर्गत आज्ञावली द्यावी लागते, पण त्यासाठीचे मुक्त ड्रायव्हर रास्पबेरी पायवर चालतात. जुना प्रिंटर हाती असेल तर यंत्र घेण्याआधी ड्रायव्हरची चौकशी करावी, हे मी सर्वांनाच आग्रहाने सांगतो. राउटरच्या मागील यूएसबीला प्रिंटर जोडण्याची सोयही अशा प्रिंटरांबाबत बहुधा कामाला येत नाही.

आपल्याकडे जुना लॅपटॉप आहे, तोच वापरावा. त्यावरील विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो कायम इंटरनेटवर ठेवणे योग्य नाही. त्यावर हलके लिनक्स बसवावे. त्याचा प्रोसेसर इंटेल पद्धतीचा असल्याने कॅननचा ड्रायव्हर चालेल, थोडी खटपट लागेल. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जाऊ नये अशी सेटिंग करावी. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि आपल्याकडच्या विजेचा विचार करता हा मोठाच फायदा आहे. रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड वारंवार वीज जाण्याने खराब होते. बॅटरी मात्र फुगलेली नाही ना, हे आधी पाहावे. फुगली असेल तर ती काढून टाकावी आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवावा.

तीन सेटिंग विसरू नयेत. टेलस्केलची ओळख-किल्ली आपोआप १८० दिवसांनी संपते. घरच्या लॅपटॉपसाठी ही मुदत बंद करावी, नाहीतर एके दिवशी जोडणी तुटेल आणि ती पुन्हा जोडायला गावी जावे लागेल. कप्समध्ये प्रिंटर सापडला नाही की रांग थांबवून ठेवण्याचे धोरण असते; ते बदलून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे ठेवावे. आणि प्रिंट पाठवताना पान नागपुरात रचले न जाता पीडीएफच गावच्या लॅपटॉपकडे जाईल आणि तेथे रचली जाईल, असा प्रिंटर जोडावा. पान रचून चित्ररूपात पाठवले की काही शे केबीची फाइल कित्येक एमबीची होते आणि मंद जोडणीवर अर्ध्यात अडकते.

लोणारकाठ

मी बुलढाणा जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सॉफ्टवेअरबद्दल वर लिहिले आहे ते योग्यच आहे, पण गावात प्रिंट अडते ती बहुतेक वेळा लाइन (म्हणजे वीज), उष्णता आणि कागद यांमुळे अडते, म्हणून त्याविषयी लिहितो.

लेझर प्रिंटर घरच्या लहान इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर कधीही लावू नये. टोनर कागदावर पक्के करणारा तापक चालू होताना अचानक कित्येक शे वॉट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो किंवा जळतो. राउटर, फायबरची पेटी आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवावेत, प्रिंटर थेट लाइनवर ठेवावा. शाईच्या प्रिंटरचे उलटे आहे. तो दहा-पंधरा वॉटवर चालतो आणि त्याला इन्व्हर्टर अवश्य द्यावा, कारण छपाई चालू असताना लाइन गेली तर त्याचे शाईचे डोके झाकणाखाली परत जात नाही, उघडे राहते आणि उन्हाळ्यात लवकर सुकते. तो बटणानेच बंद करावा, भिंतीवरच्या स्विचने नव्हे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घरगुती शाईच्या प्रिंटरांच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान साधारणपणे ३५ अंशांपर्यंत दिलेले असते. टिनाच्या छपराखालच्या खोलीत दुपारी तो ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. मातीच्या जाड भिंतींची आतली खोली थंड असते, पण त्याच भिंती वाय-फाय अडवतात. अनेक घरगुती प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात. राउटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू असेल तर प्रिंटरला नेटवर्क दिसतच नाही. घाटंजीकर भाऊंनी लॅपटॉप राउटरला केबलने जोडावा, म्हणजे भिंतींचा प्रश्न उरत नाही.

पावसाळ्यात रिमचे वेष्टन उघडे ठेवले तर कागद दमट होतो, लेझरमध्ये वळतो आणि अडकतो. कागद हवाबंद पिशवीत ठेवावा आणि ट्रेमध्ये एका वेळी थोडाच घालावा. समोर माणूस असता तर अडकलेला कागद ओढून काढला असता. येथे पाठवणारा नागपुरात आहे, म्हणून ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. विजा कडाडू लागल्या की प्रिंटर, राउटर आणि लॅपटॉप यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत. फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, ती विजेच्या तारेतून येते आणि नेटवर्कच्या केबलमधून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पसरते.

मेळघाटवाट

आमच्याकडे धारणी तालुक्यात फायबर अद्याप घरापर्यंत आलेले नाही. सिमकार्डचा ४जी राउटर वापरतो आणि रेंज दिवसभर सारखी नसते. अशा जोडणीवर हे चालेल का? माझी बहीण अमरावतीहून मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज पाठवते. नवा प्रिंटर कोणता घ्यावा हे ठरवायचे आहे.

वर्धाकाठ

चालेल. मोबाइलची जोडणीही सामायिक पत्त्यामागेच असते, त्यामुळे पोर्टचा मार्ग तेथेही बंद आहे आणि हे दोन मार्ग तेथेही उघडे आहेत. आपल्या बाबतीत मात्र मी ईमेलचा मार्ग सुचवीन. ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर काही काळ थांबून राहते आणि रेंज आली की प्रिंटर ती घेतो. बोगद्यातून छपाई करताना पाठवण्याच्या क्षणी दोन्ही टोके जागी असावी लागतात. प्रिंटर किती वेळाने स्वतःहून पूर्ण बंद होतो ती सेटिंग पाहावी आणि ती काढून टाकावी. झोपलेला प्रिंटर काम आले की जागा होतो, पूर्ण बंद झालेला होत नाही. फाइल लहान ठेवाव्यात. अर्जाचे पान स्कॅन करताना कृष्णधवल आणि ३०० डीपीआय पुरेसे असते.

एक गोष्ट सर्वांसाठी लिहून ठेवतो. काही मोबाइल जोडण्यांवर प्रत्येक यंत्राला आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो. त्याचा उपयोग करून प्रिंटर थेट गाठण्यासाठी राउटरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय, बंद करा, असा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. तो कदापि मानू नये; पोर्ट उघडण्याचे सर्व धोके त्यातही आहेत, शिवाय तो घरातील प्रत्येक यंत्राला लागू होतो.

धानपट्टा

मी गोंदिया जिल्ह्यातील प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. केंद्रावरून येणारे तक्ते आणि सराव प्रश्नपत्रिका शाळेच्या प्रिंटरवर घरून काढता याव्यात म्हणून एका सहकाऱ्याने शाळेच्या संगणकावर दूरस्थ नियंत्रणाचे ॲप बसवून द्यायचे ठरवले आहे: आपण घरून पडदा पाहायचा, फाइल उघडायची आणि प्रिंट द्यायची. धाग्यात या मार्गाचा उल्लेख आला नाही, म्हणून विचारते. तो चुकीचा आहे का?

संत्राबाग

धानपट्टा ताई, चुकीचा नाही, पण गरजेपेक्षा फार मोठा आहे. प्रिंट काढण्यापुरता प्रवेश हवा असताना त्या ॲपमुळे अख्खा संगणक दूरच्या माणसाच्या हाती जातो आणि कोणी समोर नसताना चालावे म्हणून कायमचा पासवर्ड ठेवावा लागतो. तो पासवर्ड फुटला तर विद्यार्थ्यांची सगळी माहिती उघडी पडते. शिवाय अशाच ॲपच्या आधारे फोनवरून लोकांची खाती रिकामी करणाऱ्यांचे प्रकार आपण वर्तमानपत्रांत वाचतो. घरच्या वृद्ध माणसांना ‘कोणी पडदा दाखवायला सांगितले तर नाही म्हणा’ असे आपण शिकवतो. त्यांच्याच संगणकावर तसेच ॲप कायम चालू ठेवले तर त्यांनी काय ओळखावे? शाळेसाठी ईमेलने प्रिंट घेणारा प्रिंटर असेल तर तो वापरावा. नसेल तर ज्या फोल्डरमधील फाइल दोन्हीकडे आपोआप सारख्या होतात असा एक सामायिक फोल्डर ठेवावा आणि सकाळी शाळेत जाणाऱ्याने तेथून प्रिंट काढावी. प्रश्नपत्रिका रात्रभर ट्रेमध्ये पडून राहण्यापेक्षा हे अधिक चांगलेच आहे. मुख्याध्यापकांची लेखी संमती मात्र आधी घ्यावी, कारण संगणक शाळेचा आहे.

घाटंजीकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गावी जाऊन व्यवस्था लावली आणि ती चालू आहे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी ठीक निघाली. त्यावर लिनक्स, कॅननचा ड्रायव्हर, कप्स आणि टेलस्केल बसवले. ड्रायव्हर बसवणे हे यातील सर्वांत कष्टाचे काम होते, बाकीचे त्या मानाने सरळ झाले. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला आहे आणि दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. प्रिंटर लाइनवर आहे. पहिली प्रिंट म्हणून सोसायटीच्या कर्जासाठी लागणारा सातबारा व आठ-अ पाठवला. बाबांनी तो तसाच सचिवांकडे नेला.

पुढे येणाऱ्यांसाठी एक निरीक्षण नोंदवतो. आमच्याकडे कंपनीने दिलेली फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करते आणि तिच्यापुढे मी पूर्वी बसवलेला दुसरा राउटर आहे. एक यंत्र पेटीला आणि दुसरे राउटरला जोडलेले असेल तर घरातल्या घरातही त्यांची भेट होत नाही. मी आता सर्व काही दुसऱ्या राउटरलाच जोडले आहे.

अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाबा प्रिंटर दिवसभर चालू ठेवायला तयार नाहीत आणि मलाही ते योग्य वाटत नाही. मग मी पाठवलेली प्रिंट मधल्या काळात हरवणार नाही ना? आणि छापून झालेल्या फाइल त्या लॅपटॉपवर साठून राहतात का? लॅपटॉप ओसरीवर असतो आणि घरी माणसांची ये-जा असते.

वर्धाकाठ

अभिनंदन भाऊ. प्रिंट हरवणार नाही. आपण पाठवलेले काम लॅपटॉपच्या डिस्कवर रांगेत थांबते आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे धोरण लावले असेल तर प्रिंटर चालू झाल्यावर काही वेळात आपोआप छापले जाते. आपण प्रिंट पाठवून बाबांना फोन करावा, त्यांनी प्रिंटरचे बटण दाबावे, कागद घ्यावा आणि बटण बंद करावे. यात आणखी एक फायदा आहे: आधारची किंवा दवाखान्याची प्रत ट्रेमध्ये बेवारस पडून राहत नाही, बाबा समोर असतानाच बाहेर येते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होय, पण ते बदलता येते. कप्स छापून झालेल्या फाइल सर्वसाधारणपणे एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद, जपून ठेवते, म्हणजे तीच प्रिंट पुन्हा काढता यावी. त्याच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये कामाच्या फाइल जपण्याची एक ओळ असते. तिची किंमत ‘नो’ अशी करावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे छपाई पूर्ण होताच फाइल काढून टाकली जाईल. कोणती प्रिंट कधी निघाली याची नोंद तशीच राहील, फक्त मजकूर राहणार नाही. लॅपटॉपला लॉगिनचा पासवर्ड ठेवावा. तो वीज आल्यावर स्वतः सुरू झाला तरी छपाईला लॉगिन लागत नाही. कप्स आणि टेलस्केल दोन्ही त्याआधीच चालू होतात, त्यामुळे बाबांना पासवर्ड लक्षात ठेवण्याची गरज पडणार नाही.